वारं गेलं

बायकोला वारं गेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं काय झालं होतं ते परवापर्यंत तिलाही सांगितलं नव्हतं. आज लिहितोय.

विळीवर बांगडे साफ करताना तिच्या उजव्या हातातला मासा गळून पडला. उचलायला गेली तर बोटं मिटेनात, जीभ जड. पूर्णगडहून रत्नागिरीला दवाखान्यात पोचेपर्यंत हात बराचसा सुधारला होता. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून स्कॅन दाखवला. मेंदूची एक रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. हा झटका छोटा. पुढचा मोठा येऊ शकतो, म्हणाले.

"हृदयात घालतात तशी स्प्रिंग नाही का घालता येणार?"

"मेंदूतल्या नळ्या नाजूक. स्प्रिंग घालतानाच झटका यायची भीती. आधी गोळ्या. रक्त पातळ ठेवायच्या, कोलेस्टेरॉलच्या, प्रेशरच्या. एकही चुकवायची नाही. त्या घेऊनही पुन्हा झालं, तर बघू."

बाहेर ती बाकावर बसली होती. "काय म्हणाले ओ?"

"वारंच ते. गेलं."

आमच्याकडे लकवा मारला की अंगावरून वारं गेलं म्हणतात. मी मात्र ते निघून गेलं, अशा सुरात बोललो. ती घाबरेल म्हणून, अशी मनाची समजूत घातली. घाबरलो होतो मी. गोळ्याही ताकदीच्या म्हणून दिल्या.

त्या गोळ्यांनी जरा कुठे लागलं की तिच्या हातावर निळे डाग उठायचे. परवा ती कपडे वाळत घालत होती. हात स्वच्छ. एकही डाग नाही.

"गोळ्या घेतेस ना?"

"वारं गेलं म्हणालात ना? मग डाग कशाला मिरवू? शेजारीण विचारते, नवरा मारतो काय गो?"

ती हसली. मला हसू येईना. तिथेच, दोरीखाली उभा राहून सगळं सांगून टाकलं. नळी अजून अरुंदच आहे. गोळ्या बंद झाल्या तर त्यात रक्ताची गुठळी अडकेल. मग गेलेला हात कदाचित परत यायचा नाही.

हातातला ओला टॉवेल तिने बादलीत टाकला.

"जीव माझा, आणि खबर तुमच्याकडे. एवढी खुळी वाटले मी?"

"नाही. मी भ्यालो."

"भ्या खुशाल. पण फोन लावा डॉक्टरांना. स्पीकरवर."

गोळ्या कधीपासून बंद, डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिने फोन स्वतःकडे ओढला.

"पंधरवडा झाला. आता मला सांगा, कुठली गोळी कशाची, आणि आज कुठल्या घेऊ?"