मिलफर्डची वेगळी बिअर

मिलफर्ड टोलफसनच्या स्वच्छतेची अख्ख्या गावाने धास्ती घेतली होती. तो शाळेची बस चालवायचा तेव्हा पोरं पायरीवर बूट आपटून बर्फ झाडायची आणि मगच आत शिरायची, नाहीतर हा बाबा जागचा हलायचा नाही. निवृत्त झाला आणि ती सगळी स्वच्छता घराच्या तळघरात उतरली. तिथे तो बिअर करायला लागला.

याचं मूळ बापाच्या गोठ्यात होतं. मिलफर्ड लहान असताना एकदा डेअरीने बापाच्या दुधाचे कॅन परत पाठवले, गळ्यात लाल चिठ्ठी बांधून. दूध खराब. ते कॅन दिवसभर रस्त्याच्या कडेला उभे होते आणि येणारा-जाणारा बघून पुढे जात होता. कोणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या मिनेसोटात काढतच नाहीत. पण त्या हिवाळ्यात बाप चर्चमधल्या प्रार्थनेनंतर कॉफीला थांबेनासा झाला, आणि पोराने मनाशी खूणगाठ बांधली, की आपल्या हातची वस्तू कोणाच्या दारातून परत येता कामा नये.

म्हणून बाटल्या, पिंप, नळ्या, झाकणं, सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडायचं. एकदा नाही, दोनदा. आणि वरून साध्या पाण्याने धुवायचं नाही. धुतलेल्यावर पुन्हा नळाचं पाणी ओतायचं म्हणजे केलेलं सोवळं बाटवायचं, असं त्याचं म्हणणं. अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही.

बिअर कशी व्हायची? काय सांगावं! जखमेवरची पट्टी उकळून तिचा काढा केल्यासारखी. पहिला घोट जिभेवर गेला की माणसाला बालपणीची सगळी इंजेक्शनं आठवायची. पण मिलफर्ड इतक्या मायेने ग्लास पुढे करायचा, की पिणारा गिळायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "वेगळीच आहे हो." आमच्याकडे एखाद्या गोष्टीला 'वेगळी' म्हटलं, की ती गोष्ट मेली असं समजायचं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मिलफर्डला तेवढं कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

शेजारचा वेंडेल तर जन्माचा मित्र. तो दर शनिवारी दोन बाटल्या आभार मानून घेऊन जायचा आणि गॅरेजमागच्या लायलॅकच्या झुडपाला पाजायचा. त्या झुडपाला वर्षानुवर्षं फूल आलं नव्हतं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

आणि सगळ्यात मोठी खोटारडी घरातच होती, त्याची बायको आर्लिस. पहिली बाटली त्याने लहान मुलासारखा चेहरा करून वर आणली तेव्हा तिच्या तोंडून "छान झालीय" निघून गेलं. एकदा छान म्हटलं, की दुसऱ्यांदा वाईट कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण. बिचारीने वर्षानुवर्षं ती बिअर हसत हसत प्यायली.

मग त्यांच्या लेकीचं, ब्रिटाचं, लग्न ठरलं. जेवणाच्या टेबलावर मिलफर्डने जाहीर केलं, की लग्नात बाहेरची एक बाटली येणार नाही, सगळी बिअर बापाच्या हातची. आर्लिसच्या घशात बटाटा अडकला.

दुसऱ्या दिवशी ब्रिटाचा फोन. नवऱ्यामुलाची माणसं मिलवॉकीची, तिथे घराघरात बिअर कळणारे लोक. आई, काहीतरी कर, म्हणाली. आर्लिस म्हणाली, तूच सांग, तू लाडकी लेक. ब्रिटा म्हणाली, बायको तू आहेस. असं करत दोघींनी तो निखारा चार वेळा एकमेकींच्या ओंजळीत टाकला आणि शेवटी तो आर्लिसच्याच पदरात राहिला.

तिने आडून आडून खूप सांगून पाहिलं. एवढ्या लोकांना पुरेल का? तुझी पाठ दुखेल. मिलवॉकीच्या लोकांना विकतची, डब्यातली थंडगार आवडते म्हणे. मिलफर्ड म्हणाला, म्हणूनच त्यांना खरी पाजायला हवी. आर्लिसचा जीव टांगणीला लागला. भर मांडवात पाहुणे "वेगळीच आहे" म्हणतील, भरलेले ग्लास टेबलावर तसेच राहतील, आणि हा माणूस ते बघत उभा राहील. बापाचे कॅन उभे होते तसा. या विचाराने तिला रडूच यायचं.

पण घडलं ते निराळंच. एका दुपारी मिलफर्ड शिडी मागायला वेंडेलकडे गेला. वेंडेल गॅरेजमागे पाठमोरा उभा होता आणि शांतपणे बाटली उपडी करत होता. मिलफर्डने शिडी मागितली नाही. आला तसा परतला, तळघरातून एक बाटली आणली, ग्लासात ओतली, आर्लिसपुढे ठेवली आणि समोर बसला.

"कशी आहे?"

"छान आहे की," आर्लिस म्हणाली.

"कशी आहे?"

"जरा वेगळी आहे."

आता इथली रीत अशी. पाहुण्याला कॉफी विचारली, की तो नको म्हणतो. पुन्हा विचारली, तरी नकोच. तिसऱ्यांदा विचारली, की मग म्हणतो, बरं, अर्धा कप. पहिल्या दोन उत्तरांना कोणी उत्तर धरत नाही, ती नुसती सभ्यता. तिसऱ्याला मात्र खोटं बोलायचं नसतं. मरणाच्या दारातला म्हातारासुद्धा हे पाळतो. मिलफर्ड स्वतः दारी आलेल्या पोस्टमनलाही केक तीनदा विचारायचा. आपल्या बिअरबद्दल मात्र त्याने जन्मात कोणाला एकाहून जास्त वेळा विचारलं नव्हतं.

त्याने टेबलावरचे हात एकात एक गुंतवले. "आर्लिस, तिसऱ्यांदा विचारतोय. कशी आहे?"

तिने ग्लास खाली ठेवला. "वाईट आहे, मिलफर्ड. पहिल्या दिवसापासून वाईट आहे. दवाखान्यासारखी लागते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू तिसऱ्यांदा कधी विचारलंच नाहीस."

मिलफर्ड हळूच म्हणाला, "भीती वाटायची गं." आणि उठून तळघरात गेला.

आर्लिसला वाटलं, आता सगळं फोडून टाकणार. कान लावून बसली, पण खाली चिडीचूप. शेवटी तिला राहवेना, ती जिन्याने उतरली. बघते तर मिलफर्ड गुडघ्यांवर बसून बाटल्या बुडवायच्या टबात नाक खुपसून होता.

"दवाखाना म्हणालीस ना? हा बघ तुझा दवाखाना," तो म्हणाला. "मीच आणलाय." जी स्वच्छता त्याने जिवापाड सांभाळली, तिचाच वास बिअरला लागत होता. आर्लिसही त्याच्या शेजारी थंड फरशीवर बसली.

दोन दिवसांनी मिलफर्ड गाडी काढून जुन्या डेअरीवाल्यांच्या दुकानात गेला आणि आयोडीनचं औषध घेऊन आला. बापाच्या शेवटच्या वर्षांत धार काढण्याची भांडी याच्याच पाण्याने धुतली जायची, थेंबभर औषध बादलीभर पाण्यात, भांडं नुसतं निथळून ठेवलं की झालं, वास नाही की चव नाही. ब्लीचचा वास मुरलेलं जुनं प्लॅस्टिकचं पिंप आणि नळ्या त्याने कचऱ्यात दिल्या. नळाच्या पाण्यालाही तोच वास आहे हे आता त्याच्या नाकाला कळायला लागलं, म्हणून वेंडेलच्या विहिरीचं पाणी आणलं. वेंडेलने का, कशाला, काही विचारलं नाही. बादल्या मात्र स्वतः उचलून दिल्या.

बिअर झाली. मिलफर्डने ती कोणाला चाखवली नाही, कशी आहे म्हणून विचारलंही नाही. लग्नासाठी डब्यातली बिअर गुपचूप मागवली आणि आपल्या बाटल्या हॉलच्या कोपऱ्यात बर्फाच्या टबात ठेवल्या, नाव नाही, गाव नाही. नवा सूट घालून तो त्या टबापाशी उभा राहिला. आर्लिस लेकीच्या लग्नात लेकीकडे कमी आणि त्या कोपऱ्याकडे जास्त बघत होती.

सगळ्यात आधी आला वेंडेल. मैत्रीला जागून त्याने ग्लास भरून घेतला आणि सवयीने खिडकीतल्या मोठ्या कुंडीकडे चालू लागला. कुंडीपाशी पोचला. इकडे तिकडे बघितलं. तेवढ्यात ब्रिटाची सासू समोरून येताना दिसली, म्हणून नाइलाजाने एक घोट घेतला.

आणि थांबला. ग्लासात बघितलं. दुसरा घोट घेतला, मग तिसरा. सासूबाई काहीतरी विचारत होत्या, त्यांना उत्तर न देता तो तसाच मागे वळला, नाचणाऱ्यांच्या मधून वाट काढत टबापाशी आला आणि रिकामा ग्लास मिलफर्डपुढे धरला. कोणी विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

मिलफर्डने तो ग्लास हातात घेतला. सवयीने तो ग्लास धुवायला निघाला.

आर्लिसने येऊन त्याचा कोपर धरला.

"धुऊ नकोस," ती म्हणाली. "भर."