शेजारणीची शांघायमधली गल्ली

नव्वदच्या दशकात आम्ही इचिकावाला राहत होतो. नवरा सकाळीच टोकियोच्या गाडीला पळायचा आणि मला सोबत असायची ती शेजारच्या फ्लॅटमधल्या शांघायच्या बाईची. दुपारपर्यंत ती डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाइम करायची, मग चहाला माझ्याकडे. तिच्या मोडक्या आणि माझ्या त्याहून मोडक्या जपानीत आमच्या गप्पा रंगायच्या. मला ती 'ओकुसान', म्हणजे वहिनी, म्हणायची. तिची आई शांघायला जुन्या गल्लीतल्या घरात एकटीच होती. कधीतरी परत जायचं आणि त्याच घरात आईजवळ राहायचं, हे तिचं पक्कं होतं.

एका दुपारी टीव्हीवर बदलत्या शांघायचा कार्यक्रम लागला. क्रेन, उंच इमारती, धूळ. एक यंत्र विटांची भिंत पाडत होतं. चहा पिता पिता ती थांबली.

"ही आमची गल्ली. ते न्हाव्याचं दुकान... त्याच्या पलीकडचं दार आमचं."

पलीकडे आता काहीच नव्हतं.

माझ्याच फोनवरून तिनं शांघायमधल्या धाकट्या भावाला गाठलं. चिनी मला कळत नव्हती, पण तिचा आवाज चढत गेला आणि मग एकदम बसला. फोन ठेवून ती जमिनीवरच टेकली.

घर पाडून काही महिने झाले होते. आई हलायला तयार नव्हती, तेव्हा भावानं तिला सांगितलं, ताईची परवानगी आहे, तिनंच घर सोडायला सांगितलंय. आणि आता आई शहराबाहेरच्या टॉवरमध्ये, लिफ्टला घाबरून दिवसभर घरात बसून होती.

"जुन्या घरी फोन नव्हता. मी भावाला फोन केला की म्हणायचा, आई मजेत आहे, गल्लीत सगळे तुझी आठवण काढतात," ती म्हणाली. "कुठली गल्ली, ओकुसान?"

चिनी नववर्षाला ती गेली. ठरल्यापेक्षा लवकर परतली.

"आईंना खरं सांगितलंत ना?" मी दारातच विचारलं.

"सांगितलं. आई म्हणाली, तो रोज माझ्यासाठी गरम जेवण घेऊन येतो. तो कशाला खोटं बोलेल? तू लांब राहतेस, तुला घराचं काय?"

मला भावाचा संताप आला होता. पण आईचं ते वाक्य मलाही लागू होतं; मीही घरापासून लांबच राहत होते.

त्यानंतर परत जायचा विषय तिनं कधी काढला नाही. आईला फोन करायची. भावानं उचलला की न बोलता ठेवून द्यायची.