विसर्जनाच्या टबावर झाकण

शाडूची मूर्ती एकशे साठ, दूर्वा-पत्री चाळीस, पाच नारळ शंभर आणि नवा प्लॅस्टिकचा टब दोनशे वीस. यंदा गणपतीला घरात एवढं आलं. टब जरा महागच पडला, पण म्हटलं, बाप्पाचं विसर्जन होईल आणि नंतर नातीच्या आंघोळीलाही येईल...

नात म्हणजे सई, सव्वा वर्षाची. राज्य वेगळं झाल्यापासून जावयांची सरकारी नोकरीची फाईल अडकली आहे, तेलंगणात राहणार की आंध्रात जाणार, काही कळेना. ते कर्नूलला एकटे आणि माझी लेक रेवती सईला घेऊन आमच्याकडे इकडे तेलंगणात, विद्यानगरला. जपाला बसले की पोरगी मांडीत येऊन माळ ओढते...

आमचा गणपती पाच दिवसांचा आणि विसर्जन घरीच. मूर्ती पुरती विरघळायला कधी दोन दिवस लागतात, तोवर त्या पाण्याला हात लावायचा नाही, अशी सासूबाईंपासूनची रीत. मागच्या व्हरांड्यात टब ठेवला, भोवती रांगोळी काढली.

रेवती म्हणाली, "आई, यावर पाट तरी ठेव. सई चालायला लागलीय."

"अगं, बाप्पा आहे आत. देवावर झाकण घालतात का?"

"मग मागच्या दाराची कडी तरी लाव."

कडी लावली. पण सकाळी तुळशीला पाणी घालायला मीच काढली, आणि परत लावायची राहिली.

रेवती आंघोळीला जाताना "सईकडे बघा हं" म्हणाली. कुणी बघायचं, ते काही म्हणाली नाही. मला वाटलं, ह्यांच्याजवळ आहे, पेपर वाचताहेत तिथे. ह्यांना वाटलं, स्वयंपाकघरात माझ्याजवळ आहे. घर अगदी शांत होतं... मला तर बरंच वाटलं, पोरगी खेळतेय शहाण्यासारखी.

तेवढ्यात शेजारच्या ललिताक्का प्रसादाचा डबा परत द्यायला मागच्या बाजूने आल्या. त्या तेलुगू, मला वदिना म्हणजे वहिनी म्हणतात आणि सईला पापा म्हणजे बाळ. त्यांचं ओरडणं अजून कानात आहे... "वदिना! पापा!"

डबा फरशीवर आदळल्याचा आवाज आला आणि मी पळाले. तोवर ललिताक्कांनी सईला टबातून उचललं होतं. डोकं आत आणि पाय वर, अशी सापडली त्यांना. बाप्पा कुठे गेला ते बघायला वाकली असणार बिचारी. तोंडावरून मातीचं पाणी गळत होतं. क्षणभर काहीच नाही... मग खोकली, आणि जे भोकाड पसरलं! लेकराच्या रडण्याने एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

पाणी किती, तर वीत-दीड वीत. मला आपलं वाटायचं, बुडणारं माणूस ओरडतं, हातपाय आपटतं, आपल्याला ऐकू येतंच. पण तोंडच पाण्यात, तर लेकरू ओरडणार कसं? आणि ह्या वयात डोकं एवढं जड, की एकदा आत गेलं की लेकरांना वर काढता येत नाही. हे मला नारायणगुड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टरांकडे जाताना ऑटोत सई हसायला लागली तेव्हा हे म्हणाले, "अगं, बरी दिसतेय, परत फिरू या का?" रेवती ऑटोवाल्याला म्हणाली, "भैया, जल्दी चलो." डॉक्टर म्हणाले, आणलंत ते योग्यच केलंत, वरून ठीक दिसलं तरी छातीत पाणी गेलेलं असू शकतं. संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवली आणि मग घरी सोडली.

घरी आलो तर टब तसाच. अर्धा विरघळलेला बाप्पा आत. माझा काही ते पाणी ओतायला हात होईना... ललिताक्का चिडल्याच. "पानी कू क्या मालूम वदिना, भगवान का है की नल का है?"

मग हात जोडले, बाप्पाला सांगितलं की यंदा थोडी घाई करते, आणि मूर्तीसकट सगळं पाणी जास्वंदीच्या मुळाशी घातलं. सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या... पण सईला मांडीवर घेऊनच बोलल्या असत्या.

आता आमच्या घरात नवीन रीत. सई ज्याच्याकडे, त्याने ती दुसऱ्याला देताना नाव घेऊन विचारायचं, "बाबा, सईला घेताय?" आणि घेणाऱ्याने मोठ्याने "घेतली" म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. ह्यांना सुरुवातीला हसू यायचं. परवा पेपर बाजूला ठेवून स्वतःच म्हणाले, "घेतली, घेतली, जा तू आंघोळीला!"

काल भजनी मंडळात हे सगळं सांगितलं. मला वाटलं, बायका मला बोल लावतील. एकीने विचारलं, "म्हणजे मग संपाचं झाकण पण...?" आमच्याकडे नळाचं पाणी एक दिवसाआड, ते जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे संपात, भरून घेतात. पाणी किती चढलं ते वाकून बघता यावं म्हणून झाकण उघडंच असतं सगळ्यांचं. तिने टाळ खाली ठेवले आणि चपला घालून सरळ घरी निघाली. तिचा नातू दोन वर्षांचा आहे! तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. भजन काही पुरं झालं नाही... पण बाप्पा रागावला असेल असं मला वाटत नाही.

ललिताक्कांचे उपकार कसे फेडायचे, मला माहीत नाही. त्या म्हणतात, "डब्याला पोचा आला तेवढा भरून द्या."

तुमच्याकडे लहान मूल असेल तर आत्ता उठा. टब, बादली, ड्रम, संप, उघडं काय काय आहे ते बघा, ओता नाहीतर झाका. आणि मग उलट टपाली, म्हणजे इथेच खाली, दोन ओळी लिहून कळवा... झाकलं म्हणून. मी वाट बघते आहे.