मीच येडी, साहेब!

आमच्या राजूरच्या जमादारावानी पोलीस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसंन, अन् असला तं त्याले इकडं धाडू नका, दोन आमाले झेपनार नाही. चुनाभट्टीवर काम भेटलं म्हनून आमी बंजाऱ्याइचा तांडा सोडून इथं आलो, आमच्या खोल्याइच्या लाइनीत कोनी बिहारचं, कोनी तेलंगनातलं, अन् या मानसाले सगळ्याइच्या बोलीत बोलाची लय हौस, पन तेलुगूवाल्याले बिहारीत म्हनंन "का हाल बा?" अन् बिहाऱ्याले तेलुगूत "बागुन्नारा?" नव्या भाडेकरूची चौकशी कराले आला का नाव-गाव राह्यलं बाजूले, पयले इचारते, "आज भाजी कायची?" अन् बूट काढल्याबिगर कोनाच्या घरात पाय टाकत नाही, एकदा चोराले धराले गेला तं चोर मांगच्या दारानं पयाला, अन् हा आपला लेस बांधत बसला.

तरी मी त्याले लय भेये. सासूनं सांगून ठेवलतं, वर्दी दिसली का दुसऱ्या गल्लीनं जाचं, चोरी कोनीबी करो, पयले तांड्याच्या मानसाले इचारतेत.

मंग एका बाजारात माही पोट्टी हरवली. पिशवी तिथंच टाकून मी मिरच्याच्या ढिगातून, बकऱ्याइतून पयून राह्यली, अन् तिकून शिट्टी. पाह्यतो तं पोट्टी जमादाराच्या खांद्यावर, "याडी! याडी!" करून रडून राह्यली. आमच्या गोरबोलीत याडी म्हंजे माय. त्याले वाटलं, लेकरू कोन्या येडीले भेलं. मंग काय, बाजारभर आरडत सुटला, "येडी कोनाची हाये बे? लेकराइले भेव दाखवते!" लोक आपापल्या बायकाइकडं बोट करत, "हे घ्या साहेब, न्या!"

मी चहाच्या टपरीमागं. वर्दी पाहून तिथंच दबली. वाटे, जमादार म्हनंन, लेकरू तुहंच कायवरून? पन पोट्टीनं पुन्हा हाक मारली, अन् मंग मी वर्दी-बिर्दी काई पाह्यली नाही, भर बाजारात वरडली, "साहेब, मीच येडी! मीच हावो!"

सारा बाजार हासला. पोट्टी माह्या गळ्याले अशी चिपकली का त्याले इचाराचं काई राह्यलंच नाही. मी याडीचा अर्थ सांगतला तं टोपी काढून डोक्शं खाजवत म्हने, "याडी म्हंजे माय? हात् तिच्या! बरं, घरी भाजी कायची?"

तवापासून दिसला का गाडी थांबवते, "ओ याडी!" मांगून सासू आली तं तिलेबी याडी, अन् ते डोक्यावर पदर घेऊन हासते, दुसऱ्या गल्लीनं जात नाही. पोट्टी आता शाळेत जाते, मले मम्मी म्हनते. चांगलंच हाये. पन जमादार औंदा रिटायर होऊन गावाकडं चालला. मंग राजूरच्या रस्त्यावर मले याडी कोन म्हनंन?