दाढेवरची टोपी आणि कानातली शिट्टी

डाव्या दाढेवर धातूची टोपी बसवली आणि आठवड्याभरात डाव्या कानात बारीक शिट्टी वाजू लागली, ती थांबेचना. रत्नागिरीतले दातांचे डॉक्टर म्हणाले, "टोपीचा काय संबंध? कान दाखवा." कानांचे डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत आहे. दातवाल्यांनाच विचारा." मी म्हटलं, "अहो, तुम्ही दोघं एकमेकांना एक फोन करा ना!" ते नुसते हसले.

मला कुठलं हसू! गावच्या उत्सवातल्या नाटकात मी राजा होतो. आमच्याकडे पाठांतर कोणी करत नाही. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, आपण ते गरजायचं. तो बसतो डाव्या विंगेत. तालमीत मला शिट्टीखेरीज काही ऐकू येईना. भूमिका जायची वेळ आली.

"मग बसवा ना त्याला उजवीकडे," बायको म्हणाली.

"तिथे पेटीवाला बसतो. त्याचे वडीलही तिथेच बसायचे."

"मग पाठ करा!"

एवढा अपमान डॉक्टरांनीही केला नव्हता. चरफडत सगळं पाठ केलं. प्रयोगात मी एकही वाक्य चुकलो नाही. मात्र प्रधान माझ्यासमोर मुका उभा, कारण मला त्याची गरज उरली नाही म्हणून प्रॉम्प्टर रुसून घरी गेला होता.