एका बाजेचं बेट

मत्सरी माणसाने गुपित ठेवायच्या भानगडीत पडू नये. ठेवता येत नाही असं नाही. पण आपल्यापाशी गुपित आहे हे चारचौघांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी वैनगंगेतलं एक अख्खं बेट असंच घालवलं.

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट आहे. मी वडशाला प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. दोन्ही कामांत आवाज चढवावा लागतो, हे सोडलं तर त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. अडचण पाठांतराची होती. दिवाळीनंतर वडशात शांतता म्हणून मिळत नाही. इकडे तालमीची पेटी, तिकडे जाहिरातीच्या जीपवरचा भोंगा. घरात बसून संवाद घोकावेत, तर माझ्या खलनायकी हास्याने शेजारचं तान्हं दचकून उठायचं आणि त्याची आजी भिंतीपलीकडून माझा उद्धार करायची.

त्या दिवसांत सुट्टी म्हटली की लोक जीप करून ताडोब्याला जात, नाहीतर जत्रेला. मला जिथं कुणीच जात नाही तिथं जायचं होतं. आरमोरीहून ब्रह्मपुरीला जाताना बसच्या खिडकीतून मला ते दिसलं. पुलाच्या खालच्या अंगाला, दोन धारांच्या मधोमध वाळूचं लांबट बेट, त्यावर एक झोपडी आणि झोपडीतून निघणारा धूर. एका तीरावर चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्यावर गडचिरोली. बेट दोघांपैकी कुणाचंच वाटत नव्हतं. मी मनात म्हटलं, मग ते माझंच.

तिथं एक म्हातारं ढिवर जोडपं राहायचं. पाऊस सरून पात्र उघडं पडलं की ती दोघं बेटावर झोपडी घालत, मासोळी धरत आणि वाळूत टरबुजं लावत. पहिल्या पुरात झोपडी उचलून गावात परत. मी तीरावरून हाक मारली, म्हाताऱ्याने डोंगा आणला. दोन दिवस राहू द्याल का, विचारलं. म्हातारीने माझ्याकडे, माझ्या वहीकडे पाहिलं.

"राहा ना जी. पण बाज एकच हाये पाव्हण्याले. एका टायमाले एकच माणूस."

"मी एकटाच आहे, बाई."

"अन् हे कोणासंगं बोलून राह्यले होते मघा, तीरावर?"

मी संवाद म्हणत होतो, हे समजावून सांगितलं. तिला पटलं की नाही कोण जाणे. पण पळसाच्या पानावर भात आणि अंबाडीतले झिंगे वाढून तिने विषय संपवला.

पैसे ती दोघं घेत नसत. पाहुण्याने टरबुजाच्या आळ्यांना पाणी घालायचं, एवढाच दंडक. वाळूत खड्डे करून त्यांत शेणखत भरलेलं, प्रत्येक खड्ड्यात एक वेल आणि प्रत्येक वेलाला धारेवरून आणलेली घागर. मी संवाद म्हणत पाणी घालायचो. "या वाड्याची वीट न् वीट मी विकत घेईन!" असं म्हणत वेलाच्या बुडाशी पाणी सोडलं की काय वजन यायचं त्या वाक्याला!

त्या बेटावर एक रीत होती. पाहुणा घरचा झाला की त्याला स्वतःचं एक आळं मिळे. हे आळं तुमचं, याचं फळ तुमचं. एका बैलांच्या व्यापाऱ्याला असं आळं मिळालं होतं, त्याचं फळ फार गोड निघालं, आणि तो बी घेऊन जो गेला तो परत आलाच नाही, असं म्हातारा सांगायचा. व्यापाऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी आळ्याची वाट पाहत होतो. मागायचं मात्र नाही. मान मागून घेतला तर त्यात मजा काय? दोन मोसम मी दुसऱ्यांच्या वेलांना पाणी पाजलं. तिसऱ्या मोसमात, संक्रांतीच्या सुमाराला, म्हातारी एका खड्ड्यापाशी थांबली आणि म्हणाली, "गुर्जी, हे तुमचं." मी वळून पाण्याकडे पाहत राहिलो. नटाला डोळे पुसायला पाठ फिरवावी लागते.

आणि इथं मी घात केला. सोमवारी तालमीला चहाच्या वेळी, सगळ्या मंडळींसमोर, मी त्या बेटाचं वर्णन केलं. नाव नाही, गाव नाही. फक्त पूल, दोन धारा, धूर, अंबाडीतले झिंगे आणि माझं आळं. असं वर्णन केलं की पेटीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. आमचा नायक मात्र शांतपणे बशीतला चहा पीत राहिला.

हा नायक एका राईस मिलमध्ये मुनीम होता. कुरळे केस, गोड गळा आणि प्रत्येक नाटकात शेवटी माझ्या मुस्कटात मारायचा हक्क. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. टाळ्या त्याच्या, शिव्या माझ्या. वाटणी ठरलेली होती.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर बेटावर पोचलो, तर माझ्या बाजेवर तो. पाय लांब करून, छातीवर संवादांची वही, तोंडात काडी.

"या गुर्जी! काऊन उशीर केला?" घर त्याचं असल्यासारखं त्याने विचारलं.

"तू इथं कसा?"

"तुम्हीच तर सांगितलं ना. असं सांगितलं, असं सांगितलं, का मले झोपच नाई आली."

लोक पर्यटकांच्या गर्दीला कंटाळतात. माझ्या लेखी गर्दी म्हणजे हा एक माणूस. पण खरा घाव पुढेच होता. म्हातारी त्याला 'बापू' म्हणत होती. मी तीन वर्षं गुर्जी. हा तीन तासांत बापू! आणि माझ्या आळ्याला लागून असलेल्या खड्ड्यात त्याने काडी खोवून तिला लाल चिंधी बांधली होती.

"हे काय?"

"माझं आळं. बाईले म्हटलं, मले बी द्या ना एक. दिलं."

मागितलं आणि दिलं! मी वाळूत उभा राहून दोन मोसम आठवत राहिलो.

बाज एकच, म्हणून म्हाताऱ्याने पाळ्या लावल्या. एक शनिवार माझा, एक त्याचा. त्या शनिवारी माझा मान गेला आणि मला संध्याकाळच्या डोंग्याने परत धाडलं. वर म्हातारा म्हणाला, पुढच्या वर्षी काही दोघांना जमायचं नाही, लेक जावयासह यायची आहे, एकाच पाहुण्याला जागा राहील. कोण, ते टरबुजं निघाली की पाहू.

झालं. मी समजलो की ज्याचं टरबूज सरस, त्याची बाज. माझ्या पाळीच्या दिवशी मी दोन्ही वेलांची फळं निरखायचो. त्याचं माझ्यापेक्षा बोटभर मोठं होतं. नाटकातही त्याचा फेटा माझ्यापेक्षा मोठाच असे.

होळी झाली, नाटकं उठली, फळं भरत आली. म्हाताऱ्याने सांगितलं, "आता पाणी तोडा गुर्जी. टरबूज तहानलं तरच गोड होते. आता पाणी देलं का मग पाणीच खा."

माझ्यातला खलनायक तिथं जागा झाला. नाटकात मी कोर्टकचेऱ्या, विषाचे प्याले, काय काय केलं होतं. पण माझं आयुष्यातलं एकमेव कारस्थान म्हणजे घागर. माझ्या वेलाचं पाणी मी तोडलं. लाल चिंधीच्या वेलाला दर पाळीला दोन-दोन घागरी. म्हातारा मासोळी धरायला गेला की भरभर आणखी दोन. आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू गंगेला अर्घ्य देतोय.

एकदा म्हातारीने पाहिलं. हातात घागर, समोर चिंधी, तोंडावर तोच अर्घ्याचा भाव.

"बापूच्या आळ्याले पाणी देऊन राह्यले का जी?"

"बिचारं सुकल्यासारखं दिसलं, बाई."

ती माझ्या ओल्या पावलांकडे पाहत राहिली. पावलांची वाट धारेपासून चिंधीपर्यंत ठळक पडली होती, जाऊन-येऊन. "जीव लावते माणूस," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली.

टरबुजं कापायला तिने आम्हा दोघांनाही बोलावलं. आधी माझं. सुरा लागताच तडकलं, आत लालभडक. म्हाताऱ्याने फोड खाल्ली, डोळे मिटले. "साखर हाये जी." मी मान नम्रपणे खाली घातली, जशी नायक टाळ्यांच्या वेळी घालतो. मग नायकाचं कापलं. फिक्कं गुलाबी, पाणी गळणारं. त्याने फोड तोंडात घातली, रस हनुवटीवरून ओघळला, आणि तो ओरडला, "बाई! असं टरबूज जिंदगीत नाई खाल्लं!" नाटक नव्हतं ते. मला नाटक कळतं. ते चोथापाणी फळ तो सालीपर्यंत खात गेला. माझ्या तोंडातली साखर त्याच्याकडे पाहतापाहता कडू झाली.

मग म्हातारीने माझ्या टरबुजाचं बी धुऊन, राख लावून, फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवलं.

"घ्या गुर्जी. तुमचं आळं साधलं. आता हे तुमच्या घरी लावा."

"आणि पुढच्या वर्षीची बाज?"

"ते बापूची ना! त्याचं फळ पाणचट निघालं. ज्याचं आळं नाई साधलं त्याले आमी परत बलावतो जी. बेटावरून कोणाले रिकामं नाई धाडत. साधलं त्याले बी देऊन निरोप."

बैलांचा व्यापारी मला त्या क्षणी आठवला. आठ-दहा घागरी मी स्वतःच्या हाताने वाहिल्या होत्या. त्याला बेट मिळवून देण्यासाठी. डोंग्यात मी फडकं धरून बसलो आणि बेटावरून नायकाने हात हलवला, नाटकाच्या शेवटी हलवतो तसा.

बी मी वडशाला अंगणात लावलं. चिकण माती. वेल कुंपणावर चढला, शेजारणीच्या वाळवणावर गेला, पानांनी नुसता माजला, पण फळ धरलं नाही. मी आयुष्यात कुठल्या नापिकीने एवढा हरखलो नसेन. पुढच्या संक्रांतीला तीरावर जाऊन, प्रेक्षागृहाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा तो आवाज लावून मी ओरडलो, "बाई! माझं आळं वाया गेलं हो!"

डोंगा आला. वल्हवत होता नायक. आणि चांगला वल्हवत होता, हेही मला सहन झालं नाही.

"बसा," तो म्हणाला. "बाईनं सांगूनच ठेवलं होतं, गुर्जी येतेच म्हणून."

म्हातारीने माझं ऐकून घेतलं. लेक-जावई झोपडीत होते, बाज बापूची होती. "झोपाले जागा नाई जी," ती म्हणाली, "पण आळं घ्या. दिवसाचे येत जाजा." आणि बेटाच्या पार टोकाला, धारेला लागून असलेल्या खड्ड्यापाशी मला घेऊन गेली.

"इतक्या लांब, बाई?"

"लांबच बरं. मांगच्या साली तुमच्या हातचं पाणी पार लाल चिंधीपर्यंत जात होतं."

मागून नायकाचा आवाज आला, जरा चढलेला, "बाई, गुर्जीले काऊन पाण्याजवळचं? मले तर घागर घेऊन एवढ्या दुरून चालावं लागते!"

मी वळून पाहिलं. कुरळे केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं, नजर माझ्या खड्ड्यावर. तो माझा हेवा करत होता. खराखुरा. इतक्या वर्षांत त्या माणसाबद्दल मला माया वाटली ती पहिल्यांदाच. मी माझी घागर भरली आणि अगदी सावकाश, दोनच पावलं चाललो.