मृगयेचे हात

नलिनी परब चारकोपच्या मासळी बाजारात चाळीस वर्षं बसतात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आईने डोक्यावर पाटी घेतली आणि दहावीतल्या नलिनीला शेजारी बसवलं. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, मुलगी शिकली. बसायची जागा मात्र तीच राहिली.

मी कॉमिक्स काढते. माझी नायिका मृगया, सुपारी घेऊन माणसं मारणारी. पहिली पानं पाहून संपादक म्हणाला, "गंधाली, ही खून करायला निघालीये की केक कापायला?" खरंच होतं ते. सुरी धरलेला हात मला जमतच नव्हता.

म्हणून एका दुपारी वही घेऊन बाजारात गेले. नलिनीमावशी सुरमईचे तुकडे पाडत होत्या. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"अशी सुरी धरूची नाय गो. बोटां जातली तुझी."

त्यांनी माझा अंगठा पात्याच्या पाठीवर नेऊन ठेवला. मग चार महिने, गिऱ्हाईक नसलं की त्या सुरी धरलेला हात तसाच ठेवून बसायच्या आणि मी तो काढायचे. पुस्तक चाललं. मृगयेचे हात लोकांना सगळ्यात आवडले.

तीन वर्षांनी त्यावर सिनेमा निघाला. दिग्दर्शिका माधुरीला हातांचे क्लोजअप हवे होते आणि नटीच्या हातात सुरी काही बसेना. मी मावशींचं नाव सुचवलं. अंधेरीच्या स्टुडिओत त्यांना मृगयेची काळी बाही घातली. सुरी परजणं, फिरवणं, म्यानात घालणं, सगळं एकेका टेकमध्ये झालं.

शेवटी मारण्याचा शॉट होता. एक नट जमिनीवर आडवा पडला. सुरी रबराची होती. मावशींनी हात उगारला आणि तो वरच राहिला. माधुरीने पुन्हा घ्यायला सांगितलं. पुन्हा तेच.

"काय झालं, मावशी?" मी विचारलं.

"मी मासे कापतंय. माणसार सुरी चालवूचंय नाय. खोटीसुद्धा नाय." मग खाली पडलेल्या पोराकडे बघत, जरा ओशाळून म्हणाल्या, "आणि ह्या झिलान सकाळी माका चाय आणून दिल्यान."

नट पडल्या पडल्या हसायला लागला. मला वाटलं, आता दुसरी बाई शोधणार. माधुरी मात्र मॉनिटरवर तो थांबलेला हात परत परत बघत होती.

"असूदे," ती म्हणाली. "ही आज मारणार नाही."

माझ्या पुस्तकात मृगयेने त्या माणसाला मारलं होतं. ती हा धंदा सोडेल कशी, ते मला तीन वर्षं सुचत नव्हतं. माझं अडलेलं दुसरं पुस्तक त्या दुपारी सुटलं.

सिनेमा आम्ही बोरिवलीला पाहिला. मावशी मुलीला, श्रुतिकाला, घेऊन आल्या होत्या. हात पडद्यावर थांबला तेव्हा मावशी कुजबुजल्या, "केवढो मोठो दिसता!" श्रुतिकाने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला.

दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी फक्त त्यांचं नाव घातलंय. पहिली प्रत द्यायला गेले, तर म्हणाल्या, "थांब, हात ओले आसत." पदराला नीट पुसले आणि मग दोन्ही हातांनी घेतली.